गल्ला त्याचा, भांडण तुमचं

ताई, मी छत्तीस वर्षांचा आहे. शाळेत असल्यापासून एका नटाचा चाहता आहे (नाव छापू नका). त्याचा गेला सिनेमा आपटला. मामेभावाने घरच्या ग्रुपवर टर उडवली, मी कमाईचे आकडे टाकले, शब्दाने शब्द वाढला. ‘तुझी अक्कलच तेवढी’ असं मी म्हणून गेलो. तेव्हापासून अबोला आहे. बायको म्हणते, ‘तो तुला ओळखतो तरी का?’ माझं काही चुकतंय का?
– एक निस्सीम चाहता

चाहते महाशय,

बायकोचा प्रश्न तुम्हाला चांगलाच झोंबलेला दिसतो, म्हणून आधी तोच घेते. नाही ओळखत तो तुम्हाला. पण त्यात लाजण्यासारखं काय आहे? डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ सालीच या एकतर्फी ओढीवर लिहून ठेवलंय आणि तिला ‘पॅरासोशल’ असं नाव दिलंय. पडद्यावरचा माणूस आपल्याशीच बोलतोय असं वाटत राहतं, हळूहळू तो आपल्या ओळखीचा होतो, त्याच्या मात्र आपण गावीही नसतो. तुमच्या-माझ्यासारख्या साध्या प्रेक्षकाचं असंच होतं.

मला खटकलं ते वेगळंच. तुमचं पत्र लांबलचक होतं, इथे मी ते आवरून दिलंय. त्यात पहिल्या दिवसाचा गल्ला होता, वीकेंडचा होता, ट्रेलर किती जणांनी पाहिला तेही होतं. अभिनयाबद्दल मात्र एकच वाक्य: ‘वडील गेल्याचं कळल्यावर तो फोन खाली ठेवतो, पण हात रिसीव्हरवरून उचलत नाही.’ अहो, पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य हे! हे ज्याला दिसतं तो खरा रसिक. मग तो हिशेबनीस कधी झाला?

आणि हिशेब तरी कसला? ग्रॉस म्हणजे तिकीटबारीवर जमलेली सगळी रक्कम, करासकट. कर वजा केला की नेट. त्यातून थिएटरवाल्याने आपला वाटा काढून घेतला की वितरकाच्या हाती पडतो तो शेअर. जाहिरातीत अर्थातच सगळ्यात फुगलेला आकडा येणार. तुम्ही पाठवलेली ग्रुपवरची भांडणं नीट वाचली. तुम्ही ग्रॉस सांगताय, मामेभाऊ नेट सांगतोय. म्हणजे दोघंही बरोबर होतात! यातला एक पैसा तुमच्या खिशात येणार नव्हता की त्याच्या खिशातून जाणार नव्हता.

आता एक करा. तो आपटलेला सिनेमा फोन बाजूला ठेवून, एकट्याने पुन्हा बघा. तो कुठे कमी पडला आणि पटकथेनेच त्याला कुठे तोंडघशी पाडलं, हे वेगळं करून बघा. त्या फोनच्या प्रसंगातही तो एकटा नव्हता. हात रिसीव्हरवर ठेवला त्याने, पण तो आपल्याला किती वेळ दिसावा हे संकलकाच्या टेबलावर ठरतं. हे कळल्याने नट लहान होत नाही. आणि त्याने वाईट काम केलं असेल तर बेलाशक वाईट म्हणा. इतकी वर्षं मन लावून पाहिलंय, नावं ठेवायचा पहिला हक्क तुमचाच. वकीलपत्र मात्र खाली ठेवा. ते तुम्हाला दिलंय कुणी?

राहता राहिला मामेभाऊ. त्याला सरळ फोन करा. ग्रुपवर माफीबिफी मागू नका, तिथे बाकीचे मजा बघायला टपलेलेच असतात. आकड्यांचा विषय काढू नका, नटाचाही नको. ‘तुझी अक्कल काढली, ते चुकलं’ एवढंच म्हणा आणि थांबा. त्याने पुन्हा टर उडवलीच तर उडवू दे. त्याचाही कुणीतरी लाडका हिरो असेलच, त्याचाही एखादा सिनेमा आपटेल.

बायकोला मात्र तो सिनेमा बघायला शेजारी बसवू नका. निदान हा तरी नको.

– ताई