शंकूचा खुंटा आणि कासराभर दिवस

प्रश्न सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: 'शाळेच्या मैदानात आम्ही सनडायल उभारतोय. शेजारी पाटी लावायची आहे. सूर्यघड्याळ, सूर्यतबकडी, छायायंत्र यांतला बरोबर शब्द कोणता? शिवाय पाटीवर मी "सूर्य वर चढतो, माथ्यावर येतो, मग कलतो" असं लिहिलं होतं. विज्ञानाच्या सरांनी ते खोडून "सूर्याचे भासमान भ्रमण" असं केलं. माझं चुकलं का?'

आधी सरांना घेतो, कारण हा आजार मला रोज भेटतो. कुणी सहज म्हणावं, 'आज सूर्य लवकर उगवला', की लगेच कोपऱ्यातून आवाज येतो, 'सूर्य उगवत नाही हो, पृथ्वी फिरते.' आणि सूर असा, जणू कोपर्निकसला पहिल्यांदा यांनीच सांगितलं. अहो, आर्यभटाने 499 साली नावेचा दाखला देऊन ठेवलाय: नाव पुढे जात असते आणि आत बसलेल्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेला जाताना दिसतात. आणि लगेच पुढच्याच श्लोकात हा माणूस खुशाल उदय-अस्त म्हणतो. त्याला लाज वाटली नाही, तर आपण कशाला वाटून घ्यायची? आपण जिथे उभे आहोत तिथून जे दिसतं ते सांगायला भाषा असते. एसटीत बसून 'सातारा आला' म्हणतो आपण. सातारा कुठून येणार?

'भासमान'बद्दल मात्र सरांना एक गंमत सांगा. त्यांनी तो शब्द सूर्याचं खोटं उघडं पाडायला घातलाय. पण भास् या धातूचा अर्थ प्रकाशणे, चमकणे. भास्कर त्यातूनच आला. म्हणजे सूर्याला 'भासमान' म्हणून सरांनी त्याची पूजाच बांधली.

आता पाटीवरचा शब्द. तबकडी नको. ती ग्रामोफोनची असते, आणि सगळ्या सनडायली काही तबकासारख्या नसतात. जयपूरच्या जंतरमंतरमधलं मोठं सम्राट यंत्र ही जिन्याच्या आकाराची सनडायल, 27 मीटर उंच. त्याची सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, नुसत्या डोळ्यांना दिसते. त्या जिन्याला तबकडी म्हणणार? उज्जैनलाही सवाई जयसिंगाचं धाकटं सम्राट यंत्र आहे. मोडकळीला आलेल्या त्या वेधशाळेची 1923 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी डागडुजी केली, म्हणून आज ते बघायला मिळतं. 'छायायंत्र' जुना आणि भारदस्त, पण ते एका यंत्राचं नाव नव्हे. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात शंकू, यष्टी, धनू, चक्र अशी छायायंत्रं एका ओळीत मोजलीत. ती जात झाली, तुमच्याकडे व्यक्ती आहे.

राहिलं सूर्यघड्याळ. तेच लिहा. पण काय लिहिताय ते कळून लिहा, कारण या शब्दाच्या पोटात पाणी आहे. घट म्हणजे घडा, घटी किंवा घटिका म्हणजे छोटा घडा. तांब्याची पातळ वाटी, बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक, ती पाण्याने भरलेल्या गंगाळात सोडायची. पाणी खालून चढत जातं, वाटी जड होते आणि एका क्षणी कलून बुडते. बुडाली की एक घटका झाली, 24 मिनिटं. लग्नात 'घटका भरली' म्हणतात ती ही. वाटी बुडाली की पहारेकऱ्याने टोला द्यायचा. ज्या पत्र्यावर टोला पडायचा तो हिंदीत घड़ियाल, मराठीत तास. आपला 60 मिनिटांचा तास हा मुळात त्या काशाच्या थाळीचा आहे, आणि हिंदीवाल्यांचा घंटाही तसाच. काळ मोजायचे आपले बहुतेक शब्द कानाने ऐकायचे आहेत, डोळ्याने बघायचे नाहीत. तेव्हा 'सूर्यघड्याळ' म्हणजे अक्षरश: उन्हाची पाण्याची वाटी. शुद्धतेच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी इथे काढावा. मी काढणार नाही, मला ही वाटी फार आवडते.

पण माझा खरा जीव अडकलाय तो त्या यंत्राच्या मध्ये उभ्या असलेल्या काठीत. तिचं नाव शंकू. आज शंकू म्हटलं की मुलांना भूमितीतलं घनफळ आठवतं, फार तर रस्त्यावरचे नारिंगी टोपीवाले शंकू. संस्कृतात शंकू म्हणजे खुंटा. जमिनीत ठोकलेली मेख. जुन्या ज्योतिष्यांचा शंकू बारा अंगुळं उंच. दिवसरात्र सारखी असते त्या दिवशी ऐन माध्यान्हीला त्याची सावली जेवढी पडते ती त्या गावाची पलभा. पुण्याची पलभा जवळजवळ बरोबर चार अंगुळं भरते, उज्जैनची पाचाच्या थोडी वर. बारा अंगुळांच्या खुंट्याच्या सावलीवरून गावाचा अक्षांश! असो. मुद्दा खुंट्याचा.

खुंटा म्हटला की त्याला काहीतरी बांधलेलं असणारच. काय बांधलंय? मराठी सांगते. 'कासराभर दिवस वर आला तरी तू लोळतोयस', 'कासराभर दिवस उरलाय, आवरा लवकर'. कासरा म्हणजे बैलाचा लांब दोर, आणि इथे दिवस म्हणजे सूर्यच. दिवस उगवतो, दिवस माथ्यावर येतो, दिवस बुडतो. कोशात या 'कासराभर'चा अर्थ देतात: क्षितिजापासून कासऱ्याच्या लांबीइतका वर. हा अर्थ देणाऱ्याने कधी कासरा हातात धरून आकाशाकडे बघितलंय का? दोर मोजायचा कुठे, डोळ्यापासून हातभर अंतरावर की समोरच्या डोंगरावर? हातभर अंतरावर धरलेला कासरा डोक्यावरून पार पलीकडे जाईल, आणि डोंगरावर धरलेला दिसणारही नाही. लांबीचं माप आकाशात चालतच नाही, तिथे कोन लागतो. एवढं साधं कोशकारांच्या ध्यानात येऊ नये?

माझं म्हणणं असं, की यात माप नाहीच. यात जनावर आहे. सूर्य हा बैल आहे. क्षितिजाशी खुंटा, खुंट्याला कासरा, आणि कासरा पुरेल तेवढा बैल वर चढून आलाय: कासराभर दिवस. हसू नका, पुरावे देतो. पहिला, शंकू म्हणजे खुंटा, हे सांगून झालं. दुसरा, गो या शब्दाचा संस्कृतात एक अर्थ गाय-बैल आणि दुसरा अर्थ किरण. तिसरा, दिवस बुडायच्या वेळेला आपण गोरज म्हणतो, गुरं घरी येताना उडणाऱ्या धुळीवरून. आणि चौथा, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. सूर्यास्तातला 'अस्त' म्हणजे काय? नाश नव्हे, बुडणं नव्हे, शेवट तर नव्हेच. वैदिक भाषेत अस्त म्हणजे घर. अस्तं गच्छति म्हणजे घरी जातो. साम्राज्याचा अस्त, युगाचा अस्त, कारकिर्दीचा अस्त असे मथळे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ते साम्राज्य पिशवी खांद्याला अडकवून संध्याकाळी घरी चाललेलं दिसतं. दिवसभर रानात चरलेला बैल संध्याकाळी गोठ्यात येतो, तसा सूर्य अस्ताला जातो. खुंटा, कासरा, गो, गोरज, घर. आणखी काय हवं?

हा सिद्धांत मी एकदा आमच्या मामांना ऐकवला. त्यांनी जन्मभर बैल राखलेत. सगळं शांतपणे ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, 'कासऱ्यानं बैल बांधतो कोण? बांधायचं ते दाव्यानं. कासरा हाकायला.' झालं. वेसणीला लावून गाडीवानाच्या हातात येतो तो कासरा, खुंट्याशी असतं ते दावं, हे मलाही ठाऊक होतं, पण सिद्धांताच्या भरात सोयीने विसरलो होतो. तरी मी माघार घेतलेली नाही. बांधावर चारायला नेलेल्या बैलाचा कासराच कुठे झाडाला, कुठे मेखेला अडकवलेला मी पाहिलाय, आणि 'दावंभर दिवस' असं कुणी म्हणत नाही हे माझ्याच बाजूचं आहे. शिवाय हाकायचाच म्हटला तरी सूर्याच्या नाकात वेसण आणि शेतकऱ्याच्या हातात कासरा, हे चित्र काय वाईट आहे? मामा 'हं' म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. मामांचं 'हं' म्हणजे होकार नव्हे, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे.

'मावळणे'चं मूळ काय आणि मावळप्रांताशी त्याचं नातं काय, हे कृपा करून कुणी विचारू नका. त्यावरून मागे जेवणाची ताटं थंड झालीत.

हां, पाटी. एक गोष्ट पाटीवर अजिबात लिहू नका: 'सावली घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते.' हे वाक्य उलटं आहे. देवळाबाहेरही 'प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घालावी' असे फलक दिसतात आणि माझा पारा चढतो. घड्याळाचा काटा कालचा. उत्तरेकडच्या देशांत काठीची सावली पश्चिमेकडून उत्तरेवरून पूर्वेला जायची, काटा तिच्या मागून निघाला. आणि प्रदक्षिणेतल्या दक्षिणेला तर उजवा आणि दक्षिण असे दोन्ही अर्थ आहेत, कारण उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की दक्षिण उजव्या हाताला येते. म्हणजे काटाच प्रदक्षिणा घालतो. उपकार कुणाचे कुणावर ते नीट ठरवा.

तेही तुमच्या जिल्ह्यात वर्षभर खरं नाही. सातारा 17.7 अक्षांशावर. 10 मेच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावरून जातो, शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीला परतेपर्यंत माध्यान्हीचा सूर्य तुमच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी गच्चीवर गुणिया लावून एक काठी सरळ उभी केली आणि खडू घेऊन बसलो. सकाळी सातला सावली पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे झुकलेली. दर पंधरा मिनिटांनी टोकाशी खूण. टोक जवळ येत होतं आणि सावली अगदी थोडी थोडी उत्तरेकडे, म्हणजे काट्याच्या दिशेनेच वळत होती. दहा वाजून गेल्यावर ती थबकली. दोन खुणा एकाच रेघेवर आल्या. मग वळली ती उलटी. पश्चिमेकडून दक्षिणेवरून पूर्वेला, सरळ काट्याच्या विरुद्ध. दुपारपर्यंत खडूच्या खुणांची रेघ अशी वाकडी झाली की खालून वर आलेल्या शेजाऱ्यांनी विचारलं, रांगोळी कुणाची बिघडली?

ही गंमत उभ्या काठीची. तुम्ही तिरपी पट्टी, साताऱ्याच्या अक्षांशाइतकी उचललेली आणि उत्तरेकडे रोखलेली, बसवणार असाल तर सावली अशी माघारी फिरणार नाही. म्हणून म्हणतो, शेजारी एक उभा खुंटाही ठोका. ऐन माध्यान्ह तुमच्याकडे मनगटातल्या घड्याळाप्रमाणे सरासरी 12 वाजून 34 मिनिटांनी होते. फेब्रुवारीच्या मध्याला 12.48 पर्यंत, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12.18 पर्यंत सरकते. आपलं घड्याळ 82.5 रेखांशावर चालतं आणि तुमचं मैदान 74 वर आहे, त्यातली ही 34 मिनिटं. 'बारा वाजले, सूर्य डोक्यावर आला' म्हणणाऱ्या सरांना ती मोजायला सांगा.

सावली उलटी फिरायला लागते तेव्हा मे महिना असतो, शाळेला सुट्टी असते, म्हणून ती कुणी पाहत नाही. एक दिवस मुलांना बोलवा. कासराभर दिवस वर आला की या, म्हणावं.