वाचकांचे प्रश्न : घरी बाळंतपण करायचं तर...

या खेपेची बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत : घरी, मिडवाइफच्या (बाळंतपण करण्याचं शिक्षण घेतलेल्या, नोंदणी असलेल्या नर्सच्या) हातून बाळंतपण. ती निवडून खाली दिली आहेत. उत्तरं एक मिडवाइफ आणि एक स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : मुलगी पहिलटकरीण आहे, वय २६, बत्तिसावा आठवडा. बाळंतपणाला माझ्याकडे सुदामानगरला येणार आहे. तिला जचकी घरीच हवी आहे. माझ्या सासूबाईंची सातही बाळंतपणं घरीच झाली, म्हणून घरातलेही तिच्या बाजूनं आहेत. हो म्हणू का? – एक आई, इंदूर

उत्तर : ताई, पहिल्या खेपेला घरी नको. इंग्लंडमध्ये साठ हजारांहून जास्त बाळंतपणांचा अभ्यास झाला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या बायका निरोगी होत्या, घरी येणाऱ्या मिडवाइफ रीतसर शिकलेल्या होत्या आणि मागे अँब्युलन्सची पक्की सोय होती. एवढं असूनही घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरात ४५ जणींना रुग्णालयात हलवावं लागलं. बाळाला गंभीर इजा किंवा त्याहून वाईट होण्याचं प्रमाण घरी हजारी ९.३ होतं, डॉक्टरांच्या प्रसूती विभागात ५.३. आधी एकदा नीट बाळंत झालेल्या बायकांत मात्र शंभरात १२ जणींनाच हलवावं लागलं आणि बाळांच्या बाबतीत फरक दिसला नाही. पहिल्या वेळी पिशवीचं तोंड सावकाश उघडतं, बाळाचं डोकं वळून खाली यायला वेळ लागतो, बाई थकते आणि कळा मंदावतात. हलवण्याचं मुख्य कारण हे रेंगाळणंच असतं.

आपल्याकडे घरच्या बाळंतपणाला कायद्यानं बंदी नाही, पण तिकडच्यासारखी मागची सोयही नाही. केंद्र सरकारनं २०१८ साली मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत नर्सना १८ महिन्यांचं खास शिक्षण देऊन मिडवाइफनं चालवलेले प्रसूतिकक्ष उभे करायचे आहेत, तेही रुग्णालयांना जोडून.

लेकीला एकदा शांतपणे विचारा, तिला नेमकं काय नको आहे. बहुतेक मुली सांगतात : एकटं ठेवणं, उताणं निजवून ठेवणं, विचारल्याशिवाय छेद घेणं, ओरडणं. हे सगळं रुग्णालयातही टाळता येतं. सरकारी दवाखान्यांत प्रसूतिकक्षात जवळची बाई सोबत ठेवायला केंद्रानं २०१६ साली मुभा दिली आहे. नाव घालतानाच विचारून घ्या : सोबत कोणाला येऊ देता? कळा येत असताना फिरू देता? कुशीवर किंवा उकिडवं बसून बाळंत होऊ देता? उत्तरं गुळमुळीत आली तर अजून दवाखाना बदलायला वेळ आहे.

शिवाय सुरुवातीचे तास घरीच काढता येतात. कळा दर ५ मिनिटांनी, प्रत्येक कळ मिनिटभर, आणि हे तासभर टिकलं की निघायचं. तोवर तिला चालू द्या, कोमट पाण्यानं आंघोळ घाला, कंबर चोळून द्या, पेज आणि लिंबू-साखरेचं पाणी घोटघोट पाजा. दर दोन तासांनी लघवीला पाठवा, कारण भरलेलं मूत्राशय बाळाच्या डोक्याची वाट अडवतं. पाणमोट फुटली, पाणी हिरवट-पिवळट दिसलं, ताजं लाल रक्त गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर कळा मोजत बसायचं नाही. लगेच निघायचं.

प्रश्न : माझी दुसरी खेप आहे. पहिलं बाळंतपण साधं झालं, टाकेही पडले नाहीत. घरी करायचं तर काय काय जुळून यायला हवं? – रामबाग, इंदूर

उत्तर : ३७ आठवडे पुरे झालेले हवेत आणि ४१ ओलांडलेले नकोत. बाळ एकच, डोकं खाली. आधी सिझेरियन नाही, मागच्या वेळी खूप रक्त गेलेलं नाही, वार हात घालून काढावी लागलेली नाही. रक्तदाब १४०/९० च्या खाली, साखर नाही, हिमोग्लोबिन ११ च्या वर, आणि शेवटच्या सोनोग्राफीत वार पिशवीच्या तोंडाशी नाही. यातली एक गोष्टसुद्धा हुकली तर घरचा विचार सोडायचा. इथे तडजोड करायला आम्ही कधीच सांगणार नाही. तुमचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर पुढच्या खेपेच्या बाळाला धोका होऊ नये म्हणून ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन लागतं. नाळेतलं रक्त कोण घेणार आणि कुठल्या लॅबला देणार, हे आधीच ठरलेलं हवं.

मग घर पाहा. तुमच्या पलंगापासून रुग्णालयातल्या प्रसूतिकक्षाच्या टेबलापर्यंत किती मिनिटं लागतात? आमची मर्यादा २० मिनिटांची आहे. संध्याकाळी सातच्या गर्दीत एकदा स्वतः जाऊन घड्याळ लावून पाहा. तारीख रंगपंचमीच्या किंवा अनंत चतुर्दशीच्या आसपास असेल तर आणखी सावध राहा. गेर (रंगपंचमीची मिरवणूक) आणि झांक्यांच्या (अनंत चतुर्दशीच्या देखाव्यांच्या मिरवणुकीच्या) वेळी राजवाड्याच्या बाजूनं गाडी काढणं अशक्य होतं, दुसरा रस्ता ठरवून ठेवा.

मिनिटं मोजताना जिना बहुतेक सगळे विसरतात. तिसऱ्या मजल्यावरून, अरुंद वळणाच्या जिन्यानं, चक्कर येणाऱ्या बाईला खाली आणायचं कसं? स्ट्रेचर वळणावर अडकतं. हातांची, मजबूत पाठीची खुर्ची आणि उचलायला दोन धडधाकट माणसं लागतात. रिकामी खुर्ची एकदा खाली नेऊन पाहा. ती वळली नाही तर माहेरी किंवा नात्यात तळमजल्यावरचं घर बघा.

रुग्णालयात नाव घातलेलंच असलं पाहिजे. फाइल, रक्तगटाचा कागद, रक्त देऊ शकणाऱ्या दोघांचे फोन नंबर दाराशी एका पिशवीत ठेवा. सगळं सुरळीत चाललं असेल तेव्हाही मिडवाइफ दोघी हव्यात, कारण बाळ बाहेर आलं की एका क्षणी दोन जीव सांभाळायचे असतात.

प्रश्न : आमच्याकडे तेलमालीश करायला येणाऱ्या दाई म्हणतात, मी शेकडो जचक्या केल्यात. एक डूलाही घरी यायला तयार आहे. यांच्यापैकी कोण चालेल?

उत्तर : एकट्या कोणीच नाही. डूला धीर देते, कंबर चोळते, सोबत बसते. हे काम मोलाचं आहे, पण ते वैद्यकीय नाही. दाईंच्या हाताला सराव असतो, बाळंतिणीच्या मालिशीला त्यांना जरूर बोलवा. पण बाळाचे ठोके मोजणं, रक्तस्राव थांबवणं आणि न रडणाऱ्या बाळाला श्वास देणं यासाठी शिक्षण आणि साधनं लागतात. मिडवाइफ म्हणजे राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नर्स आणि मिडवाइफ म्हणून नोंद असलेली व्यक्ती. नोंदणीचा कागद मागायला संकोच नको. तिला विचारा : ठोके किती वेळानं ऐकता? कळांच्या भरात दर १५ ते ३० मिनिटांनी आणि जोर देण्याच्या वेळी दर ५ मिनिटांनी, हे उत्तर यायला हवं. ठोके मिनिटाला ११० ते १६० च्या बाहेर राहू लागले तर थांबण्यात अर्थ नाही.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. बाळ व्हायच्या आधी ‘कळा वाढवायचं इंजेक्शन’ घरी कोणी देऊ म्हणालं, तर त्या व्यक्तीला तिथेच निरोप द्या. ते ऑक्सिटोसिन असतं. दंडात किंवा कमरेत दिलेला डोस मागे घेता येत नाही. कळांवर कळा येतात, मध्ये उसंत राहत नाही, बाळाला प्राणवायू कमी पडतो आणि गर्भाशय फाटूही शकतं. वरून पोट दाबणंही तितकंच घातक.

प्रश्न : बाळ झाल्यावर ‘थोडं रक्त जातंच’ असं सगळ्या म्हणतात. थोडं म्हणजे किती?

उत्तर : हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा. ५०० मिलीच्या आत, म्हणजे पाण्याच्या छोट्या बाटलीपेक्षा कमी. पण रक्त गोधडीत मुरतं, कमरेखाली साठतं, आणि डोळ्यांचा अंदाज जवळजवळ नेहमी कमीच निघतो. म्हणून वजन करायचं. कमरेखाली प्लास्टिक, त्यावर पॅड, आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा हाताशी. कोरं पॅड ४० ग्रॅमचं असेल आणि भिजल्यावर २९० भरलं, तर २५० मिली रक्त गेलं. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. आकडा आणि वेळ कागदावर लिहीत जायचं.

एवढी घाई का? पूर्ण दिवसांच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त वाहतं. वार सुटते तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि गर्भाशयाच्या स्नायूंनी आवळल्यावरच त्या मिटतात. बेंबीपाशी हात ठेवला तर गर्भाशय नारळासारखं टणक लागलं पाहिजे. भिजलेल्या कणकेसारखं लिबलिबीत लागलं तर ते आवळलेलं नाही, आणि रक्त जाण्याचं सर्वांत मोठं कारण तेच. टणक असूनही धार चालूच असेल तर आत कुठे फाटलंय का ते शोधायचं.

क्रम असा. बाळ बाहेर आलं की पोट चाचपून दुसरं बाळ नाही याची खात्री, मग मिनिटाच्या आत मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन. (मघाशी ज्याला नाही म्हटलं तेच औषध. बाळ झाल्यानंतर ते आईचा जीव वाचवतं.) ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. एप्रिल-मेच्या इंदुरात पर्समधून आणलेली कुपी निकामी समजा, आणि बर्फाला थेट चिकटून गोठलेलीही. वार आपली सुटू द्यायची. गर्भाशय ढिलं असताना नाळ ओढली तर ते आतून उलटं होऊन बाहेर येऊ शकतं. ३० मिनिटांत वार पडली नाही, तर रक्त जात नसलं तरी रुग्णालय गाठायचं.

पडलेली वार परातीत पसरून उजेडात पाहायची. आईकडची बाजू वर केली की मांसल कप्पे एकमेकांना लागून बसलेले दिसतात. मध्ये खड्डा किंवा फाटलेली कड दिसली तर तुकडा आत राहिलाय. वारेला चिकटलेले पाणमोटीचे पडदेही पुरे आहेत का ते धरून बघायचं. ही तपासणी न करता वार पुरायला देणारी मिडवाइफ आम्हाला चालणार नाही.

३०० मिली झालं आणि धार थांबत नसेल तर ५०० ची वाट बघू नका. एकीनं १०८ ला फोन, दुसरीनं त्याच वेळी गर्भाशय चोळणं, नळीनं लघवी काढणं, ऑक्सिटोसिन पुन्हा देणं, ते नसेल तर जिभेखाली ८०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल (गर्भाशय आवळणारी गोळी). रक्तस्राव थांबवायला मदत करणारं ट्रॅनेक्झॅमिक शिरेतून १ ग्रॅम अॅसिड तीन तासांच्या आत देता येतं, जितकं लवकर तितकं उपयोगी. रक्तदाब अजून चांगला आहे, यावर विसंबू नका. तरुण बाईचा रक्तदाब बराच वेळ टिकतो आणि मग एकदम कोसळतो. नाडी वाढणं, ओठ पांढरे पडणं आणि सारखं पाणी मागणं ही आधीची लक्षणं.

प्रश्न : बाळ रडलं नाही तर? आणि नाळेला काय लावायचं?

उत्तर : नाळेला काहीही लावायचं नाही. राख नाही, हळद नाही, तूप नाही. नवजाताचा धनुर्वात याच वाटेनं यायचा. भारतातून त्याचं उच्चाटन झाल्याचं २०१५ साली जाहीर झालं ते गरोदरपणातल्या धनुर्वाताच्या लशीमुळे आणि स्वच्छ पात्यामुळे. हात, अंथरूण, पातं, बांधायचा दोरा किंवा क्लँप आणि नाळेचं टोक, ही पाच स्वच्छ ठेवा. बाळ नीट श्वास घेत असेल तर नाळ कापायला १ ते ३ मिनिटं थांबा, बाळाला जास्तीचं रक्त मिळतं आणि लोह पुरतं.

न रडलेल्या बाळाला कोरड्या पंचानं पुसत पाठ चोळायची. तो ओला पंचा टाकून दुसरा घ्यायचा. पाय धरून उलटं टांगणं, चापट्या मारणं, वार तव्यावर गरम करणं, यांत मिनिटं वाया जातात. मिनिटाच्या आत श्वास सुरू झाला नाही तर बॅग आणि मास्कनं (हातानं दाबायची पिशवी आणि तोंड-नाकावर बसणारा मास्क) हवा द्यायची, मिनिटाला ४० ते ६० वेळा. छाती वर येत नसेल तर बहुधा मास्क नाकाशी नीट बसलेला नसतो किंवा मान फार मागे गेलेली असते. मान सरळ, जराशीच उचललेली हवी. बॅग फाटलेली नाही हे मिडवाइफनं आल्या आल्या तळहातावर दाबून पाहायला हवं.

खोलीत पंखा, कूलर बंद. बाळ आईच्या उघड्या छातीवर, वरून चादर, डोक्याला टोपडं. पहिल्या तासात चिकाचं दूध, मध-घुटी काही नाही. २४ तास आंघोळ नाही. बाळाला रक्तस्राव होऊ नये म्हणून व्हिटॅमिन-के १ मिलिग्रॅम मिडवाइफनं द्यायचं. हिपॅटायटिस-बीची लस २४ तासांत, आणि बीसीजी, पोलिओही त्याच फेरीत घेऊन यायचं.

प्रश्न : घरी झालेल्या बाळाचा जन्मदाखला मिळतो का?

उत्तर : मिळतो. घरच्या जन्माची खबर देणं ही कुटुंबप्रमुखाची जबाबदारी आहे. महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात २१ दिवसांत कळवलं तर शुल्क लागत नाही. मिडवाइफकडून जन्माची वेळ, वजन आणि तिची सही असलेला कागद त्याच दिवशी घेऊन ठेवा. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागतो. बारशासाठी थांबू नका. नोंद बिननावाची होते, नाव वर्षभरात फुकट घालता येतं.