व्हिएतनाममधली फवारणी, आजचा कॅन्सर आणि भरपाईचा अर्ज

आमच्या अमेरिकेतल्या वाचकांपैकी अनेकांच्या सासरी, शेजारी किंवा मित्रपरिवारात व्हिएतनाम युद्धातले माजी सैनिक आहेत. त्या युद्धात फवारलेल्या 'एजंट ऑरेंज' या तणनाशकाबद्दल आणि त्यापायी झालेल्या आजारांच्या सरकारी भरपाईबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : माझे सासरे १९६८ साली अमेरिकन लष्करातून व्हिएतनामला गेले होते. आता त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आहे. ते म्हणतात, "पन्नास वर्षांपूर्वीच्या फवारणीमुळेच हा झाला, हे मी कसं सिद्ध करू?" म्हणून अर्जच करत नाहीत. त्यांना काय सांगू?

हे सिद्ध करायचंच नाही, एवढं त्यांना पहिल्यांदा सांगा. कितीतरी लोक याच गैरसमजापायी घरी बसून राहतात, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

अमेरिकी सैन्याने १९६२ ते १९७१ या काळात दक्षिण व्हिएतनामच्या जंगलांवर आणि शेतांवर तणनाशकं फवारली. त्यातलं सर्वांत जास्त वापरलेलं म्हणजे एजंट ऑरेंज. पिंपांवर नारिंगी पट्टा असायचा, म्हणून हे नाव. त्यातल्या एका घटकात तयार होतानाच टीसीडीडी नावाचं डायऑक्सिन उतरत होतं, आणि खरं विष ते. कोणत्या सैनिकाच्या अंगावर किती थेंब पडले, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. म्हणूनच १९९१ साली अमेरिकी काँग्रेसने एजंट ऑरेंज कायदा केला. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या काळात जो व्हिएतनामच्या भूमीवर होता, त्याचा या विषाशी संपर्क आला असं सरकार धरून चालतं. विमान बदलण्यापुरता तासभर उतरला असला तरी चालतं. आणि त्याला सरकारी यादीतला आजार झाला, तर तो सेवेमुळेच झाला असंही धरलं जातं.

यादीत प्रोस्टेट, फुप्फुस, श्वासनलिका आणि स्वरयंत्राचा कॅन्सर, मूत्राशयाचा कॅन्सर, मल्टिपल मायलोमा, हॉजकिन्स आणि नॉन-हॉजकिन्स लिम्फोमा, बी-सेल प्रकारचे जुनाट ल्युकेमिया आणि काही सॉफ्ट टिश्यू सार्कोमा आहेत. फुप्फुसाच्या कॅन्सरला पूर्वी 'संपर्कानंतर तीस वर्षांच्या आत' अशी अट होती, ती २००१ साली गेली. माणूस सिगारेट ओढत होता एवढ्यावरून घाबरून अर्ज टाळू नये.

म्हणजे सासऱ्यांना दोनच गोष्टी दाखवायच्या आहेत : ते तिथे होते आणि त्यांना हा आजार आहे. पहिलीसाठी डीडी-२१४ हा सेवामुक्तीचा दाखला. तो हरवला असेल तर सेंट लुईसच्या राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्राकडून एसएफ-१८० फॉर्म भरून मागवता येतो. दाखल्यात फक्त 'व्हिएतनाम सर्व्हिस मेडल' लिहिलेलं असेल तर तेवढ्यावर विसंबू नका. हे पदक थायलंडमध्ये किंवा समुद्रात असणाऱ्यांनाही मिळालं आहे. व्हिएतनाममध्ये असल्याची नोंद, बदलीचे आदेश, तिथल्या दवाखान्याचा कागद यांपैकी काहीतरी जोडा. दुसऱ्या गोष्टीसाठी बायोप्सीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट. रक्ततपासणीत नुसतं पीएसए वाढल्याचा कागद पुरत नाही.

आणि आजच 'इंटेंट टू फाइल', म्हणजे अर्ज करण्याचा इरादा, नोंदवा. फोनवर होतं, ऑनलाइन अर्ज सुरू केला की आपोआप होतं, किंवा फॉर्म २१-०९६६ भरावा. त्यानंतर मुख्य अर्ज, म्हणजे २१-५२६ईझेड, पूर्ण करायला एक वर्ष मिळतं. १० मार्चला इंटेंट नोंदवला आणि अर्ज पुढच्या फेब्रुवारीत गेला, तरी मंजुरी मिळाल्यावर तारीख १० मार्चच धरतात आणि पैसे १ एप्रिलपासून मोजतात. सक्रिय कॅन्सरला १०० टक्के अपंगत्व धरतात. प्रोस्टेटच्या बाबतीत शस्त्रक्रिया न करता नुसती देखरेख चालू असली तरीही. एकट्या माणसाला २०२५ च्या दराने महिन्याला ३,८३१ डॉलर ३० सेंट मिळत होते, करमुक्त. पत्नी असेल तर जास्त. एकेक महिना वाया घालवण्याची किंमत यावरून लक्षात यावी.

एक सावधगिरी. व्हीएच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याच्या, दवाखान्यात 'एजंट ऑरेंज रजिस्ट्री'ची तपासणी होते. ती करून आलेल्या कितीतरी लोकांना आपला अर्ज गेला असंच वाटत राहतं. ती फक्त आरोग्य तपासणी आहे, तिचा भरपाईशी काही संबंध नाही.

प्रश्न : आमचे शेजारी नौदलात होते. जहाज व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ फिरायचं, पण ते कधी जमिनीवर उतरले नाहीत. २००९ साली नॉन-हॉजकिन्स लिम्फोमासाठी केलेला अर्ज याच कारणाने नाकारला गेला. आता काही होऊ शकेल का?

हो, आणि बहुधा जुन्या तारखेपासून. २०१९ साली झालेला 'ब्लू वॉटर नेव्ही' कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू आहे. किनाऱ्यापासून ठरवलेल्या हद्दीत १२ सागरी मैलांपर्यंत असलेल्या जहाजांवरच्या लोकांनाही आता तोच नियम लागतो. फॉर्म २०-०९९५ भरून 'सप्लिमेंटल क्लेम', म्हणजे नाकारलेल्या अर्जाचा पुन्हा दावा, करा आणि २००९ च्या नकाराचं पत्र सोबत जोडा. २५ सप्टेंबर १९८५ ते १ जानेवारी २०२० दरम्यान केलेले आणि या कारणाने नाकारलेले अर्ज मूळ तारखेपासून मंजूर होऊ शकतात. जहाज कुठे होतं हे डेक लॉगवरून, म्हणजे जहाजाच्या नोंदवहीवरून, ठरतं, म्हणून जहाजाचं नाव आणि महिने अचूक लिहा.

२०२२ च्या पॅक्ट कायद्याने या नियमात थायलंडमधले तळ (९ जानेवारी १९६२ ते ३० जून १९७६) आणि ग्वाम व अमेरिकन सामोआ (९ जानेवारी १९६२ ते ३१ जुलै १९८०) यांचीही भर घातली. लाओस, कंबोडियाचा काही भाग आणि जॉन्स्टन अटॉल हेही त्यात आहेत, पण त्यांच्या तारखा वेगळ्या आहेत.

प्रश्न : नवऱ्याच्या मामांना आतड्याचा कॅन्सर होता, तो फुप्फुसात पसरला. फुप्फुसाचा कॅन्सर यादीत आहे म्हणून अर्ज केला, तर नकार आला. असं का?

गाठ कुठे दिसली यापेक्षा ती मुळात कुठून निघाली हे पाहतात. मूळ कॅन्सर आतड्याचा, आणि तो यादीत नाही. तो फुप्फुसात गेला तरी त्याला फुप्फुसाचा कॅन्सर धरत नाहीत.

याचा अर्थ दार बंद झालं असा नाही. यादीबाहेरच्या आजारासाठीही थेट संबंध दाखवून भरपाई मागता येते. फक्त इथे पुरावा खरोखर द्यावा लागतो, आणि सगळं डॉक्टरांच्या पत्रावर अवलंबून राहतं. 'संबंध असू शकतो' असं लिहिलेलं पत्र काही कामाचं नाही. 'संबंध असण्याची शक्यता नसण्याइतकीच किंवा त्याहून जास्त आहे' हे स्पष्ट शब्दांत यायला हवं. शिवाय पूर्ण फाइल वाचल्याचा उल्लेख, वय, घराण्यातला इतिहास, व्यसनं यांचा विचार आणि अभ्यासांचा आधार हवा. मत एका ओळीचं असलं तरी चालेल, त्यामागची कारणं मात्र दोन पानांची हवीत. हे अवघड आहे, आणि आम्ही खोटी आशा दाखवणार नाही.

प्रश्न : वडिलांसारखे असलेले आमचे एक स्नेही प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर बरे झाले. आता व्हीएचं पत्र आलंय की १०० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणणार. हे बरोबर आहे का?

पत्र येणं नियमाला धरून आहे. २० टक्के बरोबर आहेत की नाही, ते वेगळं. उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी होते. कॅन्सर उरला नसेल तर मागे राहिलेल्या त्रासावरून टक्के ठरतात. प्रोस्टेटमध्ये तो बहुतेक वेळा लघवीचा असतो, आणि हिशेब अगदी ठरलेला आहे. दिवसाला दोनपेक्षा कमी पॅड बदलावे लागत असतील तर २० टक्के, दोन ते चार लागत असतील तर ४०, चारपेक्षा जास्त तर ६०. पॅड लागत नसतील, पण रात्री पाच किंवा त्याहून जास्त वेळा उठावं लागत असेल, तरी ४० टक्के.

चूक इथेच होते. ज्या माणसाने उभा जन्म तक्रार केली नाही, तो तपासनिसासमोरही "ठीक आहे" म्हणतो, आणि कागदावर 'एक पॅड' लिहिलं जातं. तुमच्या स्नेह्यांना दोन आठवडे रोज नोंद ठेवायला सांगा : किती पॅड, रात्री किती वेळा उठले. पत्नीने जे पाहिलं ते फॉर्म २१-१०२१० वर लिहून द्यावं. शस्त्रक्रियेनंतर लैंगिक अक्षमता आली असेल तर तीही सांगा. तिचे टक्के बहुधा शून्यच येतात, पण 'एसएमसी-के' नावाची वेगळी मासिक रक्कम मिळते.

पत्राच्या तारखेपासून ६० दिवसांत पुरावा देता येतो. सुनावणी मात्र ३० दिवसांच्या आत मागा. वेळेत मागितली तर निर्णय होईपर्यंत जुनी रक्कम चालू राहते.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीचे पती अर्ज चालू असतानाच वारले. आता तो अर्ज रद्द होतो का? आणि एक कंपनी पैसे घेऊन सगळं करून देते म्हणते.

आपोआप पुढे जात नाही, पण पत्नीला त्यांच्या जागी उभं राहता येतं. मृत्यूनंतर एक वर्षाच्या आत फॉर्म २१पी-०८४७ द्यायचा. सोबत तिने स्वतःच्या हक्काचा डीआयसी (सेवेमुळे झालेल्या आजाराने पती गेल्यास पत्नीला मिळणारी मासिक भरपाई) अर्जही करावा, फॉर्म २१पी-५३४ईझेड. २०२५ मध्ये डीआयसीचा मूळ दर महिन्याला १,६५३ डॉलर ७ सेंट होता.

मृत्यूचा दाखला आधी वाचा. त्यावर नुसतं 'हृदयक्रिया बंद पडली' लिहिलं असेल आणि कॅन्सरचा उल्लेखच नसेल, तर अर्ज अडतो. कॅन्सर मुख्य किंवा सहायक कारण म्हणून नोंदलेला हवा. तसा नसेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखला दुरुस्त करायला सांगा, किंवा त्यांचं सविस्तर पत्र जोडा.

कंपनीला पैसे देऊ नका. पहिल्या अर्जासाठी फी घेण्याची परवानगी कायद्याने कोणालाच नाही. मान्यताप्राप्त वकीलसुद्धा पहिला निर्णय आल्यानंतरच, पुढच्या फेरविचारासाठी फी आकारू शकतो. अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू, डीएव्ही या माजी सैनिकांच्या संघटनांचे प्रतिनिधी आणि बऱ्याच काउंट्यांमधले माजी सैनिक सेवा अधिकारी हेच काम विनामूल्य करतात. मैत्रिणीने त्यांच्याकडे जाताना पतीचा डीडी-२१४, विवाहाचा दाखला, मृत्यूचा दाखला आणि पॅथॉलॉजी रिपोर्ट एवढे चार कागद बरोबर न्यावेत.