वाचक विचारतात : सडेकरी पावसाळ्यात कुठं राहतात?

प्रश्न (खानापूर) : जांबोटी-कणकुंबीच्या रानात फिरणाऱ्या एका काल्पनिक जमातीवर कादंबरी लिहितोय. नाव ठेवलंय ‘सडेकरी’. पंचवीस माणसांची टोळी. बारा महिने भटकते, झाड तोडत नाही, पडलेली फळं आणि मध खाऊन राहते. वाचून दाखवलं तर घरचेच म्हणतात, पटत नाही. मधाच्या प्रसंगाची पानं सोबत आहेत. काय चुकतंय?

उत्तर : पहिली चूक ‘बारा महिने’ ही. जून ते सप्टेंबर त्या रानात लेकुराबाळांसह भटकता येत नाही. ओढे उतार देत नाहीत, पायाला जळवा लागतात, विस्तव राहत नाही. रानभाज्या, अळंबी, बांबूचे कोंब मिळतात, पण ते तोंडी लावणं. पोटाला नाचणी लागते. माणशी दिवसाला ३०० ग्रॅम धरली तरी पंचवीस माणसांना रोज साडेसात किलो, आणि १२० दिवसांना नऊ क्विंटल. एवढं धान्य पाठीवर घेऊन कुणी फिरत नाही. म्हणजे सडेकऱ्यांची शेणानं सारवलेली कणगी कुठंतरी कायमची आहे, तिच्यावर कुडाचं छप्पर आहे आणि पावसाच्या तोंडाला टोळी तिथं परत येते. भटक्यांनाही परतायची जागा असते. कादंबरीचा खुंटा तिथंच ठोका.

ही जागा उघड्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट जांभ्या खडकावर नको, तिथं वारा छप्पर ठेवणार नाही. सड्याच्या कडेखाली, झाडीच्या आडोशाला घ्या. जांभा दगड सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्यात मुरतो आणि कडेला झऱ्यांनी बाहेर येतो. उन्हाळ्यात सडा तापून कोरडा पडला तरी कडेचे काही झरे झिरपत राहतात, म्हणून मे महिन्यातले मुक्कामही याच कडेनं पडतील. मुलं-म्हातारी बरोबर असताना एका दिवसात आठ-दहा किलोमीटरच्या पुढं चालवू नका.

नाचणी आली म्हणजे ‘झाड तोडत नाही’ हेही जाणार. या डोंगरांत कुमरी होत असे. हिवाळ्यात उतारावरची झाडी तोडायची, उन्हात वाळू द्यायची, पावसाआधी जाळायची आणि पहिल्या पावसावर राखेत नाचणी टाकायची. नांगर नाही. दोन-तीन वर्षांत राखेचा कस संपतो, तण माजतं, की तो तुकडा दहा-बारा वर्षं सोडायचा. तीन-चार वर्षांतच तिथं पुन्हा कुऱ्हाड घातली तर झाडं परत येत नाहीत, नुसती झुडपं उरतात. निसर्गाशी सलोखा म्हणतात तो या मोजणीत असतो, भाबडेपणात नाही. कुठल्या तुकड्याकडं किती वर्षं फिरकायचं नाही हे सांगणारी म्हातारी दाखवा, आणि तिच्याशी भांडणारा, घरात खायला नसलेला बापही दाखवा.

आता मध. तुमचा म्हातारा भर दुपारी जांभळीवर चढून आग्या मोहोळाचं पोळं उतरवतो. हा प्रसंग असा ठेवू नका, तो खाली जिवंत येणार नाही. आग्याचा मध अंधाऱ्या रात्री काढतात, चांदण्यात माश्या माणसावर धावतात. वाळक्या काटक्यांच्या जुडग्याला भोवती ओली पानं बांधून चूड करायची. आधी धूर द्यायचा, मग चूड फांदीवर आपटायची. ठिणग्या झडतात आणि माश्या त्या ठिणग्यांमागं खाली उतरतात. आता पोळं नीट बघा : फांदीला चिकटलेला, एका अंगाला फुगून जाड झालेला भाग मधाचा, खालचा पातळ पसारा अंडी-अळ्यांचा. बांबूच्या धारदार पातीनं फक्त जाड भाग कापून टोपलीत घ्यायचा. खालचं पोळं राहिलं तर माश्या परत बसतात आणि फुलोरा टिकला तर पुन्हा मध भरतात. हावरटपणानं सगळं पोळं उतरवून पिळलं तर दुहेरी नुकसान : पोळं संपतं, आणि अळ्यांचा चीक उतरल्यानं मध आंबतो. मेणानं तोंडं बंद न झालेल्या घरांतला मधही पाणीदार असतो, पाणी वीस टक्क्यांच्या वर गेलं की तो फसफसतो. आग्या माश्याही पावसाच्या तोंडाला मुक्काम हलवतात. त्या उठल्या की सडेकरी कणगीकडं वळतात, असं गुंफता येईल.

एक राहिलं. जानेवारी ते मे हा माकडतापाचा काळ. गोचिडीतून होतो. मेलेलं माकड दिसलं की टोळीनं त्या दिवशीच तळ हलवावा. कथा १९५७ च्या आधीची असेल तर रोगाला नाव देऊ नका, तो शिवमोग्ग्याच्या क्यासनूर रानात ओळखला गेला तो त्या वर्षी.

प्रश्न (निपाणी) : शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यात रानातली आई विषारी कंद खाण्याजोगा करते. मंचावर काय दाखवावं?

उत्तर : कडू करांद्याच्या पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, ते पाणी फेकायचं, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायच्या. सकाळी आई कणभर जिभेला लावते. कडू लागलं तर टोपली परत ओढ्यात. चकत्या जाड राहिल्या किंवा साचल्या पाण्यात ठेवल्या तर कडूपणा आतच राहतो, आणि खाणाऱ्याला ओकाऱ्या होतात. नाट्य त्या जिभेला लावण्यात आहे, तिथं घाई नको. मुलांच्या हातात मात्र रताळंच द्या. कच्चा सुरणसुद्धा नको, हात खाजून मुलं रडतील.

प्रश्न (बेळगाव) : चालत्या टोळीनं विस्तव कसा न्यावा?

उत्तर : मडक्यात राखेचा थर, त्यावर धुमसतं कुजकं लाकूड, वर पुन्हा राख. तोंड अर्धवट झाकायचं. उघडं ठेवलं तर वाऱ्यानं भडकून संपतं, घट्ट झाकलं तर विझतं. विझलाच तर चकमक आणि सावरीचा कोरडा कापूस.

प्रश्न (खानापूर) : सडेकऱ्यांऐवजी थेट गवळी धनगरच म्हणावं का?

उत्तर : नको. गवळी धनगर म्हशी पाळणारी, दूध-लोणी विकणारी, आज त्याच रानाच्या वाड्यांवर राहणारी माणसं आहेत. आपण रचलेल्या रूढी त्यांच्या नावावर चढवणं अन्यायाचं होईल. कथा आजची असेल तर त्यात भीमगड अभयारण्य (२०११) येणारच. मग सडेकऱ्यांच्या हाती वनहक्क कायदा, २००६ मधलं कलम ३(१)(घ) द्या. भटक्या आणि पशुपालक समाजांचा चराईचा व हंगामी वापराचा हक्क त्यात लिहिलेला आहे. त्याचा दावा सुरू होतो ग्रामसभेत, आणि ग्रामसभेच्या दिवशी टोळी कुठल्या मुक्कामावर असेल, हे तुम्हाला ठरवावं लागेल.