उंदीरशेपटी वटवाघळं बघायला निघण्याआधी

ग्वाल्हेरात राहून तुला या वटवाघळांची ओढ लागली, फार बरं वाटलं. संध्याकाळी जुन्या वास्तूच्या बाहेर थांब आणि शेपटी बघ. डोकं नि धड मिळून जेवढं, जवळजवळ तेवढी लांब, मागच्या पायांमधल्या कातडीच्या पडद्याबाहेर मोकळी, उंदरासारखी. एवढी खूण पक्की कर, बाकीच्या जाती नंतर.

नवखे टॉर्च घेऊन आत शिरतात. मीही एकदा शिरलो होतो, तेही थंडीत. सगळा थवा उठला. हिवाळ्यात ही वटवाघळं अंगात साठवलेल्या चरबीवर तग धरतात. उगाच उडावं लागलं की ती शिदोरी संपते. म्हणून आत जाऊच नकोस.

- हात लावायचा नाही, मेलेल्यालाही.
- पहिले दोन महिने फक्त वेळ, हवा आणि अंदाजे संख्या वहीत लिही.