छोट्या शून्याची गोष्ट

प्रश्न: मॅडम, मी जीवरसायनशास्त्र शिकतो. क्रेब्ज चक्राच्या, म्हणजे पेशी अन्नातून ऊर्जा काढते त्या अभिक्रियांच्या चक्राच्या, शेवटच्या पायरीवर मॅलेटपासून ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट बनतं. पुस्तकात तिथे मुक्त ऊर्जेतला बदल +29.7 किलोज्यूल प्रति मोल दिलाय. धन चिन्ह असलं की अभिक्रिया आपणहून पुढे जात नाही, असं आधीच्याच धड्यात लिहिलंय. मग चक्र फिरतं कसं?

उत्तर: तोंडी परीक्षेत हाच प्रश्न मला आला होता आणि मी ठोकून दिलं, "एन्झाइम ढकलतं." परीक्षकांनी काही न बोलता माझ्या जर्नलात डेल्टा जीच्या, म्हणजे मुक्त ऊर्जेतल्या बदलाच्या चिन्हाच्या, डोक्यावरच्या छोट्या शून्याला पेन्सिलीने गोल केला आणि जर्नल परत दिलं. बाहेर आल्यावर कितीतरी वेळ मी तो गोल बघत बसले होते.

तुमचीही गाडी त्या शून्यापाशीच अडलीय. शून्य म्हणजे प्रमाण स्थिती: प्रत्येक पदार्थ 1 मोलर, पीएच 7. पेशीत अशी परिस्थिती कुठे असते? मायटोकॉन्ड्रियात ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट 1 मायक्रोमोलरच्याही खाली असतं. खरा डेल्टा जी हवा तर प्रमाण आकड्यात आरटी एलएन क्यू मिळवायचं. आर हा वायू स्थिरांक, टी केल्व्हिनमधलं तापमान, एलएन म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम. क्यू म्हणजे त्या घडीला पेशीत असलेलं उत्पादितांचं अभिकारकांशी गुणोत्तर. सूत्र तुम्हाला पाठ असणारच. पण एकदा हाताने हिशेब करा. 37 अंश सेल्सिअसला क्यू दहापट घटला की डेल्टा जी सुमारे 5.9 किलोज्यूलने उतरतो. 29.7 ला 5.9 ने भागलं की साधारण पाच येतात. म्हणजे क्यू एक लाखात एक इतका खाली आला की डेल्टा जी शून्य, आणि त्याखाली ऋण.

इतकं खाली ठेवतं कोण? पुढची पायरी. ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट तयार झालं रे झालं की सायट्रेट सिंथेज हे एन्झाइम ते उचलतं, आणि त्या अभिक्रियेचा प्रमाण आकडा चांगला उणे तिशीपार आहे. मॅलेटच्या अभिक्रियेत सोबत बनलेलं एनएडीएच, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू, श्वसनसाखळी वापरून टाकते. गंमत म्हणजे मायटोकॉन्ड्रियाबाहेर, पेशीद्रवात, हीच अभिक्रिया बहुधा उलटी चालते: ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटचं मॅलेट. दिशा ठरवतं ते गुणोत्तर. एन्झाइम बिचारं वाटेतला ऊर्जेचा चढ दोन्ही बाजूंनी सारखाच कमी करतं. डेल्टा जीला ते हातही लावत नाही.

प्रश्न: एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जावाहक रेणूचा, बंध तुटला की ऊर्जा मिळते, असं जीवशास्त्राच्या तासाला सांगतात. रसायनशास्त्राचे सर म्हणतात, बंध तोडायला ऊर्जा लागते. बरोबर कोण?

उत्तर: रसायनशास्त्राचे सर. कुठलाही बंध तोडायला ऊर्जा मोजावीच लागते. पण एटीपीच्या जलविघटनात, म्हणजे पाण्याशी अभिक्रिया होऊन त्याचे एडीपी आणि फॉस्फेट बनतात तेव्हा, नुसता एक बंध तुटत नाही. पाण्याशी नवे बंध जुळतात, एकमेकांना रेटणारे ऋणभार लांब होतात, सुटलेला फॉस्फेट जास्त स्थिर होतो. या सगळ्याची गोळाबेरीज उणे 30.5 किलोज्यूल प्रति मोल. जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ लिपमन यांनी 1941 मध्ये अशा बंधासाठी नागमोडी रेघ वापरली. लिहायला ती सोयीची, पण तिच्यामुळे बंधात ऊर्जा कोंडून ठेवलीय असं चित्र मनात घट्ट बसतं.

आणि हो, उणे 30.5 च्या डोक्यावरही तेच शून्य आहे. जिवंत पेशीत हा आकडा उणे 50 च्या घरात जातो. का, ते पहिल्या उत्तरातल्या हिशेबाने तुम्हीच काढा. एटीपी भरपूर आणि एडीपी अगदी थोडं, इतकी खूण पुरे.