ऑइल घातलं, पण वर पोचलं का?

प्रश्न: दादा नमस्कार, माझी २०१४ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आहे. इतकी वर्षं गॅरेजलाच टाकायचो पण यावेळी म्हटलं घरीच करू, व्हिडिओ बघून ऑइल काढलं, फिल्टर बदलला, नवीन ऑइल घालून सेल्फ मारला तर वरून जोरात टकटक टकटक. घाबरून जरा रेस दिली तर अजून वाढली, मग बंदच करून टाकली. आता हात लावायची भीती वाटतेय. इंजिन गेलं का?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर: अहो गेलं बिलं काही नसणार, पण रेस द्यायला नको होती एवढं मात्र खरं. आवाज आल्या आल्या बंद केलीत हे बरं केलंत.

झालंय काय ते ऐका. तुमच्या या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे तुकडे) आहेत, म्हणजे त्यांच्या पोटात ऑइल भरलं की ते आपले आपण गॅप घेतात, जुन्या बुलेटसारखं पाना घेऊन सेट करावं लागत नाही. पोट रिकामं तर टकटक. आता तुम्ही ऑइल सगळं निथळवलंत, फिल्टर नवा कोरडा ठणठणीत, त्याच्या घरात नुसती हवा. पंप ऑइल उचलतो ते आधी फिल्टरचं घर भरतो, कागद भिजवतो, मग पुढे क्रँककडे (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि हेडकडे (इंजिनाचा वरचा भाग) जातं, आणि पंपातच हवा शिरली असेल तर तो नुसता फिरत बसतो, ओढतच नाही. तेवढा वेळ बेअरिंगला जुन्या ऑइलचा जो काय पापुद्रा उरलाय त्याच्यावर इंजिन चालतं. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, तो पापुद्रा थोडा वेळ निभावतो, रेस दिली की संपला.

आता असं करा. आधी इंजिनावरच्या काचेतून ऑइलची लेव्हल बघा, गाडी मेन स्टँडवर सरळ. मग फिल्टरचं झाकण परत उघडा (खाली ट्रे ठेवा, थोडं सांडणारच), फिल्टर ताज्या ऑइलमध्ये बुडबुडे थांबेपर्यंत भिजवून बसवा आणि घरात बसेल तेवढं ऑइल ओता. कुठली बाजू आत होती ते काढतानाच मोबाईलवर फोटो काढून ठेवत जा, कारण काही गाड्यांत फिल्टर उलटा बसला की ऑइलची वाटच बंद होते. होंडाच्या सीबीआर २५०आरच्या फिल्टरवर म्हणूनच 'आउट साइड' छापलेलं असतं, तरी उलटे बसवलेले मी पाहिलेत. झाकणाची ओ-रिंग (रबराची गोल कडी) फिल्टरच्या किटमधली नवीच घाला, बोटाने ऑइल लावून, खाचेत नीट बसलीय ना बघून. ओ-रिंग चिमटली तर ऑइल बाहेर तरी येतं नाहीतर आतल्या आत पळतं, आणि आतलं पळालेलं दिसत नाही. आणि सिलिकॉन चोपडू नका हो! एका गाडीत ऑइलच्या जाळीवर काळ्या सिलिकॉनच्या शेवया निघाल्या होत्या माझ्या हाताने, अगदी शेवया, जाळी अर्धी बंद. पॅकिंग कापलं नसेल तर सिलिकॉन लागतंच कशाला.

मग स्पार्क प्लग काढा, किल स्विच ऑफ, आणि पंधरा-वीस किक मारा. प्लग नसल्याने पाय हलका जातो, कॉम्प्रेशनचा भार नाही आणि पंप फिरून ऑइल वर चढतं. प्लग लावा, स्टार्ट करा, ॲक्सिलरेटरला हात नको. दहा-वीस सेकंद टिकटिक होऊन कमी होत गेली तर बरोबर चाललंय. अर्धा मिनिट झाला तरी तशीच खणखणीत असेल तर बंद करा आणि परत किकवर या, चालू ठेवून "बघू कमी होते का" असं करू नका. दोनदा करूनही फरक नाही तर मात्र मेकॅनिकला पंप आणि जाळी बघायला सांगा.

कॅन अडीच लिटरचा मिळतो म्हणून अख्खा उलटा करतात लोक. आत थोडं जुनं राहिलेलंच असतं. काचेवरच्या खुणेच्या वर गेलं की क्रँक त्याला घुसळतो, ताकासारखा फेस होतो, पंप फेस ओढतो आणि प्रेशर परत पडतं, वर ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) एअर फिल्टर ऑइलने चिंब. कमी ऑइलला सगळे घाबरतात, जास्तीला कोणीच नाही.

यामाहावाल्यांसाठी जाता जाता: आर१५ ला हेडवर ऑइल चेक करायचा बोल्ट आहे, तो किंचित सैल करून आयडलला ठेवायचं, ऑइल पाझरलं की प्रेशर आलं, मिनिटभरात नाही पाझरलं तर बंद. फार आवडते मला ही सोय, सगळ्यांनी द्यायला हवी होती.

प्रश्न: रॉयल एनफिल्ड ६५० ट्विनला गोल डबा फिल्टर नवा लावला, गच्च आवळला, तरी स्टार्ट केल्यावर ऑइलची पिचकारीच उडाली. पुढचं चाक, सायलेन्सर सगळं भरलं. फिल्टर खराब आला का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: आधी जुना फिल्टर कचऱ्यातून काढा आणि त्याच्या तोंडाला रबर आहे का बघा. नसेल तर ते इंजिनलाच चिकटून राहिलंय आणि तुम्ही त्याच्यावर दुसरं रबर दाबलंत. काळ्यावर काळं, चपटं झालेलं, डोळ्याला दिसत नाही, नखाने खरवडल्यावरच कळतं. मीही हे केलंय, एका गिऱ्हाइकासमोर, अर्ध्या मिनिटात फरशीवर तळं झालं आणि तो बिचारा मलाच विचारतो की असंच असतं का! नव्याच्या रबराला ऑइल लावून हातानेच आवळा, रबर टेकल्यावर थोडंसंच पुढे, पान्याने गच्च नको. डबा आधी अर्धा भरून घ्या, आडवा धरल्यावर थोडं सांडेल पण कागद भिजला की काम झालं. आणि पिचकारी उडालेलं चाक आणि डिस्क साबणाने धुतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. ब्रेक पॅडलाही लागलं असेल तर पॅड बदला.

प्रश्न: माझ्या स्प्लेंडरचा ऑइल फिल्टर कुठे असतो? दुकानदार म्हणतो नसतोच.
(एक वाचक, नांदेड)

उत्तर: दुकानदार बरोबर आहे, बदलायचा कागदी फिल्टर तिच्यात नाही. एक जाळी आहे आणि क्रँकवर फिरून कचरा बाजूला फेकणारी वाटी आहे, दोन्ही क्लचच्या कव्हरच्या आत. क्लच प्लेटसाठी कव्हर उघडलं की दोन्ही रॉकेलने धुवून घ्या. ऑइल बघताना डिपस्टिक नुसती टेकवायची, आट्यात फिरवायची नाही, नाहीतर लेव्हल आहे त्यापेक्षा जास्त दिसते.